लिव्हरवर्टची जुनी पाकिटं आणि तोरणमाळचे नवे नमुने: डिजिटल करायचं म्हणजे नक्की काय करायचं?

शहाद्याची_वनस्पती

नमस्कार मंडळी. शहादा तालुक्यातल्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. आमच्या विभागात एक छोटं संग्रहालय आहे. फॉर्मॅलिनच्या बरण्या, दोन सांगाडे आणि मागच्या भिंतीला लागून हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची, तीन लाकडी कपाटं. त्यातल्या एका कपाटाच्या खालच्या कप्प्यात मागच्या आठवड्यात लिव्हरवर्टची पाकिटं सापडली. लिव्हरवर्ट म्हणजे ओल्या मातीवर, कातळावर, सालीवर वाढणाऱ्या शेवाळासारख्या बारीक, बिनफुलांच्या वनस्पती. वर्तमानपत्राच्या आणि उत्तरपत्रिकांच्या कागदाची, बुटांच्या खोक्यात उभी लावलेली. बरीचशी १९८०च्या दशकातली, तोरणमाळ, अक्राणी, पाल आणि पाटणादेवीची. काहींवर नुसतं "रिक्सिया, तोरणमाळ, जि. धुळे, ०५/०८/८४". दोन-तीन त्याहून जुनी, त्यांवर "प. खानदेश".

पुढच्या वर्षी समिती येणार म्हणून प्राचार्यांचा हुकूम सुटलाय, "बठ्ठं स्कॅन करी टाका." म्हणजे फ्लॅटबेड स्कॅनरवर पाकीट ठेवायचं, बटण दाबायचं, झालं डिजिटल. मी चार पाकिटं तशी केली. स्क्रीनवर काय दिसलं? घडी घातलेला पिवळा कागद. पाकीट उघडून केलं तर मातीचा एक ढेकूळ आणि त्यावर काळपट पापुद्रे. ते बघून लिव्हरवर्टमधली रिक्सिया कोण आणि टार्जिओनिया कोण, हे देवालाही कळणार नाही.

शिवाय यंदाच्या पावसाळ्यात टी.वाय.ची (तिसऱ्या वर्षाची) मुलं घेऊन तोरणमाळला नवे नमुने गोळा करायचे आहेत. जवळ काय आहे? मोबाईल, एक साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक, तो स्कॅनर आणि एक्सेल. कॅमेरा स्टँड नाही, डिसेक्शन मायक्रोस्कोप आहे पण त्याचा आरसा फुटलेला. एवढ्यात हे काम नीट होईल का? आणि सुरुवात कुठून करू?

---

नाना_चोपडा

ताई, नमस्कार. मी प्रयोगशाळा सहायक होतो, आता निवृत्त. सरांची व्याख्यानं झाली की खरी वनस्पती हातात घ्यायचं काम आमच्याकडे असायचं, त्यामुळे पाकिटं मी पुष्कळ बांधली आहेत. तुमच्याकडे जेवढं सामान आहे, तेवढ्यात भागतं. प्राचार्यांचं मात्र ऐकू नका. म्हणजे ऐका, पण करू नका.

आंब्याची फांदी दाबून शीटवर चिकटवली की पान, देठ, मोहर सगळं समोर असतं. त्याचा स्कॅन म्हणजे जवळजवळ ती वनस्पतीच. लिव्हरवर्टचं तसं नाही. ते दाबायचं नसतं, शीटवर चिकटवायचं नसतं, म्हणून तर पाकिटात राहतं. ओळखायच्या खुणा असतात थॅलसच्या, म्हणजे त्याच्या चपट्या हिरव्या अंगाच्या, पोटाकडच्या खवल्यांत, वरच्या छिद्रांत आणि बीजाणूंच्या नक्षीत. त्यातलं काहीही स्कॅनरच्या काचेवर दिसत नाही. म्हणून पाकिटाचं डिजिटल म्हणजे तीन गोष्टी: लेबल, ओला असतानाचा फोटो आणि सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो. जुन्या पाकिटांत मधली गोष्ट गेलीच, ती परत मिळणार नाही. नव्यांत ती चुकवू नका.

नव्यांपासून सांगतो. तोरणमाळला जाल तेव्हा ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर धरा. जुलैत हिरवं खूप दिसतं, पण रिक्सियाचे बीजाणू पिकलेले नसतात, आणि बीजाणूंशिवाय रिक्सियाची जात ठरवायला कुणी तयार होत नाही. थॅलस वरून खरवडला आणि आत काळे-तपकिरी ठिपके दिसले की समजा पिकलंय.

सोबत न्या: भिंग, स्वयंपाकघरातली जुनी सुरी, शिसपेन्सिल, कागदी पाकिटं, सहा इंची स्टीलची पट्टी. भिंगासाठी पुण्या-मुंबईला ऑर्डर टाकू नका. जळगावच्या सराफ बाजारात दागिने पाहायचं दहापट भिंग मिळतं, तेच हे. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि वनस्पती भिंगाजवळ आणायची. मुलं उलटं करतात, भिंग वनस्पतीजवळ धरून लांबून बघतात, मग म्हणतात सर, काही दिसत नाही.

सातपायरी घाटात रस्त्याच्या कडेचे ओले कातळ बघा. चपटी हिरवी फीत, तिच्या कडा जांभळ्या. सुरीनं एक तुकडा मातीसकट उचला आणि पालथा करा. पोटाला जांभळे खवले दोन ओळींत दिसतील. फितीच्या टोकाला खालून काळी, शिंपल्यासारखी मिटलेली डबी असेल तर टार्जिओनिया. डबी नाही, पण फितीच्या पाठीवरून बारीक देठ निघून त्यावर छोटं डोकं असेल, तर प्लॅजिओकाझ्मा. डोक्याखाली पांढरा फाटका झगा लोंबत असेल, तर ॲस्टेरेला. हे तिन्ही उन्हाळ्यात कडा आत वळवून काळ्या दोऱ्या होऊन कातळाला चिकटून बसतात, पाऊस पडला की पुन्हा उलगडतात. मर्केंशिया मात्र पाणी सतत झिरपतं तिथेच, तिच्या पाठीवर गोल वाट्या असतात.

जुन्या भिंतीच्या किंवा बारवेच्या अंधाऱ्या कोपऱ्यात सायथोडियम मिळालं तर तिथल्या तिथे फोटो. तिरप्या उजेडात ते सोनेरी-हिरवं चकाकतं आणि इतकं पातळ असतं की वाळल्यावर पाकिटात हिरवट डाग उरतो. झाडांच्या सालीवर तांबूस-काळपट, सालीला घट्ट बिलगलेली नक्षी दिसली तर ती फ्रुलानिया असण्याची शक्यता आहे, सालीच्या पातळ कपच्यासकट काढा. फ्रुलानियासारख्या पानांच्या लिव्हरवर्टमध्ये पेशींत तेलाचे थेंब असतात, त्यांचा आकार आणि संख्या ओळखायला लागते, आणि वाळलं की ते नाहीसे होतात. त्यामुळे असले नमुने त्याच रात्री, नाहीतर दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली गेलेच पाहिजेत. मुक्कामी सूक्ष्मदर्शक नेता आला तर उत्तम. बॅटरीच्या उजेडावर काम चालतं.

प्रत्येक नमुन्याला जागेवर तीन फोटो. एक लांबून, कातळ कसा आहे ते कळावं म्हणून. एक जवळून, पट्टी ठेवून. एक पालथा केलेला. चौथा फोटो पाकिटावर पेन्सिलनं लिहिलेल्या नंबराचा, म्हणजे घरी आल्यावर कोणता फोटो कुणाचा यावर भांडण नको. पेन्सिलच वापरा, जेल पेन पावसात पसरतं.

प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात भरू नका. आपल्याकडे लोक म्हणतात ताजं राहतं. दोन दिवसांत बुरशी येते आणि वास सुटतो. पाकिटं उघडी ठेवून पंख्याखाली वाळवा, उन्हात नको, इस्त्री नको, वजन नको. सप्टेंबरात हवा दमट असली तर वेळ लागतो, लागू द्या. रिक्सियाची माती खालून सुरीनं तासून पातळ करा, मग जाड कागदाच्या तुकड्यावर फेविकॉलनं माती चिकटवा. थॅलसला डिंक लागता कामा नये. असं केलं नाही तर दहा वर्षांनी पाकीट उघडलं की आत भुगा. तुमच्या त्या जुन्या ढेकळांचं तेच झालं असणार.

आणि एक आपल्या भागातलं. तोरणमाळपर्यंत जायच्या आधी मुलांना केळीच्या बागेत न्या. ठिबकच्या नळीखाली, जिथे पाणी टपकून माती कायम ओली असते, तिथे रिक्सियाच्या गोल हिरव्या चकत्या शोधायला सांगा. रावेर-यावलच्या बागांत मी त्या भर हिवाळ्यातही पाहिल्यात. तणनाशक मारलेलं नसेल तर मिळतात.

---

जंगलवाट_७०

मला एक कळत नाही. उचलायचंच कशाला? आता मोबाईलचे कॅमेरे इतके चांगले झालेत, फोटो काढा, लोकेशन टाका, ॲपवर चढवा. कातळावर वाढायला किती वर्षं लागतात आणि मुलं सुरीनं खरवडून घरी नेणार. संग्रहालयात पडून राहण्यापेक्षा तिथे राहिलेलं बरं.

---

नाना_चोपडा

तुमची काळजी खरी आहे. पण रिक्सियाचा फोटो कितीही भारी मोबाईलनं काढा, त्यात बीजाणू दिसत नाहीत, आणि वरून जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या जाती पुष्कळ. फोटोवरून "रिक्सिया" एवढंच म्हणता येतं, पुढे बोलायला नमुना लागतो. उद्या कुणी त्या नावावर शंका घेतली तर फोटो मोठा करून काय कळणार? पाकिटातला तुकडा कोमट पाण्यात टाकला तर चाळीस वर्षांनीही फुगतो.

घ्यायचा किती, तर अंगठ्याच्या नखाएवढा. आणि तिथे एकच ठिपका असेल तर फक्त फोटो, हात लावायचा नाही. मुलांना हे आधी दोनदा सांगायचं, कारण पोरं गोळा करायला लागली की पिशव्या भरतात.

---

वनरक्षक_मित्र

परवानगीचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. पाटणादेवी गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येते आणि पालकडचा भाग यावल अभयारण्यात. अभयारण्यातून दगडावरचं शेवाळंसुद्धा उचलायचं तर १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, नागपूरहून. त्याला वेळ लागतो, त्यामुळे पावसाळ्यासाठीचा अर्ज उन्हाळ्याच्या आधी गेला पाहिजे. तोरणमाळ अभयारण्य नाही, पण राखीव वन आहे. तिथे उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र द्या: कशासाठी, किती, कोण कोण, कोणत्या तारखांना. "शैक्षणिक सहल" एवढंच लिहू नका, "नमुने गोळा करणे" हे शब्द असू द्या. परवानगीचा क्रमांक तुमच्या लेबलवर आणि त्या एक्सेलमध्येही टाका. आम्ही नाक्यावर अडवलं तर तोच दाखवायचा आहे.

---

तापीचा_डेटा

मी मूळचा अमळनेरचा, आता पुण्यात डेटाचं काम करतो, वनस्पतींमधलं मला नानांइतकं कळत नाही. एक्सेलबद्दल बोलतो, कारण खरी वाट तिथे लागते.

तुमच्या लेबलवरची ०५/०८/८४ ही तारीख एक्सेलमध्ये टाकली की संगणकाच्या सेटिंगप्रमाणे ती ५ ऑगस्ट तरी होईल नाहीतर ८ मे. लेबल लिहिणारा आपल्याकडचा असेल तर दिवस आधी, म्हणजे ५ ऑगस्ट. तोरणमाळला मे महिन्यात रिक्सिया हिरवी कुठून असणार, त्यामुळे ऑगस्टच, हा वनस्पतीचाही पुरावा. तारखेचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करा आणि १९८४-०८-०५ असं लिहा, वर्ष आधी. जगभरातली संग्रहालयं डार्विन कोअर नावाच्या ठरलेल्या रकान्यांत माहिती भरतात, त्यात तारीख अशीच असते. रकान्यांची नावं आत्ताच त्याप्रमाणे ठेवलीत तर पुढे जीबीआयएफसारख्या (जगभरच्या जैवविविधतेच्या नोंदींचा खुला साठा) ठिकाणी माहिती द्यायची वेळ आली तेव्हा परत मरमर नको.

जागेसाठी दोन रकाने ठेवा. एकात लेबलवर जसं आहे तसं, काना-मात्रा न बदलता. दुसऱ्यात आजचं. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं. १९०६ला खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, पुढे पूर्वचं जळगाव आणि पश्चिमचं धुळे, आणि १ जुलै १९९८ला धुळ्यातून नंदुरबार निघालं. म्हणजे "तोरणमाळ, प. खानदेश", "तोरणमाळ, जि. धुळे" आणि "तोरणमाळ, जि. नंदुरबार" ही तिन्ही लेबलं बरोबरच आहेत, जागा एकच आहे. लेबलवरचा "धुळे" खोडून "नंदुरबार" करणारे उत्साही लोक मी पाहिलेत. तसं केलं की ते लेबल कोणत्या काळातलं हा मागमूसच पुसला जातो. आणि नुसतं "पिंपळगाव" लिहिलं असेल तर हरेश्वरचं, बुद्रुक की आणखी कुठलं ते कळत नाही तोवर अक्षांश-रेखांश भरू नका. रिकामा रकाना चालतो, खोटा आकडा चालत नाही.

नव्या नमुन्यांना मोबाईलचं जीपीएस पुरतं. सीताखाईच्या दरीत रेंज नसली तरी जीपीएस चालतं, ते उपग्रहावरून येतं. फक्त फोनमधलं "अचूकता अमुक मीटर" हेही टिपा. कड्याच्या पायथ्याशी ते पन्नास-शंभर मीटर चुकतं. आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो मूळ म्हणून ठेवू नका. व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करतं आणि त्यातली लोकेशनची माहिती काढून टाकतं. मूळ फाईल केबलनं घ्या.

जाता जाता, सूक्ष्म फोटोंचं काय होतं याचं एक उदाहरण. शिकागोच्या फील्ड म्युझियमनं फ्रुलानियाच्या पानांचे सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो झूनिव्हर्स या संकेतस्थळावर ठेवले आणि सामान्य लोकांकडून, शाळकरी मुलांकडून, त्या पानाच्या खालच्या टोपीसारख्या पाकळीची लांबी-रुंदी मोजून घेतली. पाकिटांचे फोटो ठेवले असते तर कुणी काय मोजलं असतं?

---

शहाद्याची_वनस्पती

सगळ्यांचे आभार. वनखात्याचं पत्र उद्याच टाइप करते. पाटणादेवी यंदा बाद.

नाना, दोन गोष्टी अजून. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा नाही, मोबाईल आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) धरला तर हात हलतो आणि माप कसं लिहायचं? आणि जुन्या पाकिटांतल्या पाकीट क्रमांक १४७ मध्ये "रिक्सिया" म्हणून जे आहे त्यात चकत्यांच्या बाजूला उभ्या काळ्या काड्या आहेत, सेंटिमीटरभर लांब. रिक्सियाला काड्या कुठून आल्या?

---

नाना_चोपडा

मोबाईलचं सोपं आहे. आयपीसच्या नळीवर घट्ट बसेल असा पुठ्ठ्याचा नळा करा, त्यावर मोबाईलच्या कव्हरला भोक पाडून चिकटवा. कव्हर जुनं घ्या. मोबाईल त्यात बसवला की हलत नाही, आणि शटर हातानं दाबायचं नाही, टायमर लावायचा.

माप म्हणाल तर स्टेज मायक्रोमीटर कपाटात असतोच, काचेची पट्टी, मध्ये एक मिलिमीटरचे शंभर भाग, म्हणजे एक घर दहा मायक्रॉन. ज्या ऑब्जेक्टिव्हवर (नमुन्याकडच्या भिंगावर) फोटो काढाल, त्याच ऑब्जेक्टिव्हवर, मोबाईलचा झूम न बदलता, आधी या पट्टीचा एक फोटो काढून ठेवायचा. मग पुढचे सगळे फोटो त्यावरून मोजता येतात. झूमला बोट लागलं की पट्टीचा फोटो पुन्हा. रिक्सियाचा बीजाणू शंभर मायक्रॉनच्या आसपास असतो, चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हवर छान भरतो. एकाच बीजाणूचे तीन फोटो घ्या: कड स्पष्ट दिसेल असा, वरची जाळी दिसेल असा आणि सुईनं कव्हरस्लिप किंचित सरकवून पालथा करून, तीन रेघांची खूण दिसेल असा. मुलं एकच फोटो काढून पळतात.

फाईलचं नाव पाकिटाच्या नंबरानं सुरू करा. "नवीन फोटो फायनल २" असलं काही नको.

पाकिटं उघडताना हातमोजे घाला. जुन्या हर्बेरियममध्ये कीड लागू नये म्हणून रसकापूर लावायची पद्धत होती, तो पाऱ्याचा क्षार आहे. लिव्हरवर्टला सहसा लावत नसत, पण त्याच कपाटात शीटं होती ना. मुलांना तिथे डबा उघडून बसू देऊ नका. जुनं पाकीट फाटलं असेल तर नव्यात घाला, पण जुन्याचा लेबलचा तुकडा आतच ठेवा. आणि जुन्या नावावर काट मारायची नाही. नवं नाव वेगळ्या चिठ्ठीवर, तुमची सही, तारीख. ज्याचं तुम्हाला ठरत नाही त्याचा एक तुकडा पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्रात किंवा लखनौच्या एनबीआरआयमध्ये (राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत) दाखवता येतो. तिथे ब्रायोफायटावाले, म्हणजे मॉस-लिव्हरवर्टचा अभ्यास करणारे, आहेत. आधी पत्र, सोबत हे सूक्ष्म फोटो, मग पाकीट.

आता १४७. काड्या रिक्सियाच्या नव्हेत, रिक्सियाचं बीजाणूपात्र थॅलसच्या आतच बुडालेलं असतं, बाहेर काही येत नाही. काडीचं टोक भिंगाखाली बघा. दोन फाकांत चिरलेलं असेल आणि फाका पिळवटलेल्या असतील, तर तो ॲन्थॉसिरॉस नाहीतर त्याचा भाऊबंद, म्हणजे हॉर्नवर्ट. तो लिव्हरवर्टच नाही. ओल्या मातीच्या एकाच ढेकळावर दोघं शेजारी उगवतात, गोळा करणाऱ्यानं ढेकूळ उचललं आणि पाकिटावर एकाचंच नाव लिहिलं. असं दर खोक्यात सापडेल. दोघांना वेगळं करा. रिक्सिया १४७ मध्येच राहू द्या, काड्यावाल्याला नवं पाकीट करून १४७-ब नंबर द्या, दोन्ही लेबलांवर "१४७ मधून वेगळं केलं, सोबतचा नमुना अमुक" अशी ओळ आणि एक्सेलमध्ये दोन ओळी, जागा-तारीख तीच. काड्या सोडवताना कोरड्या ओढू नका, तुटतात. थेंबभर पाणी सोडा, पाच मिनिटं थांबा, मग सुई.